काळी चिठ्ठी

प्रिय चिझुरू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. हेही उघडलं नाहीस तर वसतिगृहाच्या दारात येऊन बसेन. माझा काही नेम नाही.

आधी माझ्या मनातलं पाप सांगते. उन्हाळ्यापासून तू घरी यायची बंद झालीस, तेव्हाच मला वाटलं, नक्की कोणीतरी मुलगा असणार. रविवारच्या बाजारात माझ्या शेजारी लोणची विकणाऱ्या हिरोसेबाई म्हणाल्या, अगं, तुझ्या लेकीच्या नर्सिंग कॉलेजात भूकंपाची तालीम आहे, खोटे जखमी हवेत, चल की, डबापण मिळतो. डब्यासाठी येतेय असं मी त्यांना वाटू दिलं. खरं तर तुझ्यावर पाळत ठेवायला आले होते.

तुमच्या पोरींनी मला असं रंगवलं की आरशात मीच दचकले. केसांत राख, तोंडभर लाल रंग आणि गळ्यात कार्ड : श्वास नाही, घसा मोकळा व्हावा म्हणून हनुवटी उचलली तरी नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही. हिरोसेबाईंच्या वाट्याला मोडका पाय आला, त्या मनसोक्त बोंबलत होत्या. माझ्या नशिबी मढं.

मग तू आलीस. हनुवटी वर केलीस, कान माझ्या नाकाशी आणलास. हात किती गार पडले होते तुझे. कार्ड वाचलंस, माझ्या मनगटाला काळी चिठ्ठी बांधलीस, म्हणजे हिच्यापाशी थांबू नका, आणि पलीकडच्या अनोळखी म्हाताऱ्याकडे गेलीस. त्याला लाल, आधी उचला म्हणून. त्याच्यासाठी स्ट्रेचर, धावपळ. मी निळ्या ताडपत्रीवर मढ्यांच्या रांगेत. जीव जळला माझा. पोटच्या पोरीनं आईला ओळखू नये? मग वाटलं, ओळखलंच असणार, मुद्दाम केलं. संध्याकाळी फोन करून मी साळसूदपणे विचारलं, तालीम कशी झाली. बरी झाली, एवढंच म्हणालीस. झालं, माझा संशय आणखी वाढला. हिरोसेबाई म्हणाल्या, तामाए, तू मेलीस तरी तुझा संशय मरायचा नाही.

काल तुला शिकवणाऱ्या ओनिशीबाईंचा फोन आला. तू कॉलेज सोडायचा अर्ज दिलास म्हणे. त्या दिवसापासून चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातातसुद्धा धरत नाहीस. बाईंना म्हणालीस, ती माझी आई होती, तिचा श्वास माझ्या कानाला लागला होता, तरी मी काळी बांधली. उन्हाळ्यापासून सुट्टीच्या दिवशीही या तालमीच्याच सरावात असायचीस म्हणे. आणि मी इथे कुणा मुलाच्या मागावर.

अगं वेडे, तो श्वास माझा होता, कार्डावरच्या बाईचा नव्हता. ती मेलेलीच होती. तू इतकी जवळ आलीस, मला रडू फुटायला लागलं, म्हणून श्वास रोखून धरता आला नाही. चूक माझी, तुझी नाही. आपलं घर समुद्राला लागून, मोठा भूकंप झाला की लाट येणार हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी खरोखर मीच समोर असले आणि श्वास नसला, तर अशीच काळी बांध आणि पुढच्याकडे जा. तोही कुणाचा तरी बाप असेल. मी रागावणार नाही. हे समोर बसून मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. अर्ज मागे घे. विचारत नाहीये, सांगतेय.

तुझीच,
आई