दातांचे ढाळ

नांदेड, दवाखान्यातून
मंगळवार सकाळ

आत्याबाईंना थोरल्या सुनेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

शिवांश बरा हाय. सलाईन लावल्यापासून दोनदा लघवी झाली, आता दूध मागाय लागलाय. तुमच्या गुडघ्याचं तेल कोनाड्यात ठेवलंय, सापडलं का?

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून दयानंद भाऊजी गाडी घेऊन घरी येतायत, त्यांच्या हाती चिठ्ठी देते.

'दातांचे ढाळ हायत, पाणी तोडा, पाजू नका' असं तुम्ही म्हणलात म्हणून आपण तीन दिवस घरीच काढले. डॉक्टरीणबाई म्हणल्या, हा विषाणू हाय, हातातून, पाण्यातून पोटात जातो. पाणी तोडलं की लेकरू सुकतं. मी तवा गप बसले, चूक माझीबी हाय.

आत्ताच धाकट्या जाऊबाईंचा, पुनमचा, फोन आला. त्यांच्या शरण्यालाबी ढाळ लागलेत. रडती, पण डोळ्यात पाणी येत न्हाई. तुमच्यापुढं बोलायची पुनमची छाती होत न्हाई, अन् शरण्याचे बाप असून दयानंद भाऊजीबी तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत.

तुमचं एक खरं झालं. शिवांशच्या हिरडीतून आज दात वर आला. पण तो बघायला लेकरू राहिलं, ते सलाईनमुळं.

शरण्याचा पहिला दात बघायचाय ना? मग तिला मीठ-साखरेचं पाणी पाजत ह्याच गाडीत बसा.

तुमची,
स्वप्नाली