पंधरा फूट पाणी

८ डिसेंबर १९५७
लवूने हो म्हणून टाकलं. मला न विचारता! स्टुडिओत सेटिंग खात्यात खिळे ठोकता ठोकता कॅमेरामन मधुकररावांना सांगून बसला, मी मालवणचा, पाण्याखाली तीन मिनिटं दम धरतो. झालं! जानेवारीत मालवणच्या समुद्रात शूटिंग आणि नायकाच्या जागी बुडी मारणार आमचे बंधुराज. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. खडकाच्या कपारीतून खजिन्याची पेटी काढायची. जमलं तर नोकरी कायम.

वडील म्हणून अण्णांनी अडवावं ना? ते मिशीतल्या मिशीत खूश. "पंधरा फूट? तेका काय पाणी म्हणतत?"

११ डिसेंबर
टाकीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक लवूने घरी आणलं. स्टुडिओत कोणी उघडलेलंच नाही — पानं एकमेकांना चिकटलेली! शाळेतून आल्यापासून डिक्शनरी घेऊन बसले आहे. मुलींच्या वह्या तशाच पडल्यात.

पान सात, जाड अक्षरांत: वर येताना श्वास कधीही कोंडून धरू नये. खाली नळीतून घेतलेली हवा वर येताना फुगते. ती सोडली नाही तर छाती आतून फाटते. दहा फुटांतसुद्धा.

तीनदा वाचलं. आमच्या घरात पाण्यात शिरायचं म्हणजे आधी काय करायचं? दम कोंडायचा! अण्णांच्या गिरणीला सुट्टी लागून मालवणला गेलं की अण्णा लवूला खडकावर न्यायचे. पाण्यात तोंडातून हवा सुटली की पाठीत धपाटा. गावात कोणाच्या होडीचा नांगर अडकला की अण्णांनाच बोलावणं यायचं, आणि त्यांचा हा मुलगा. हाडात मुरलेली सवय. ती माझ्या वाचून दाखवण्याने जाणार?

१२ डिसेंबर
वाचून दाखवलं. "ताई, पंधरा फूट गं! विहिरीएवढं पाणी! घाबरट आहेस तू." भांडलो. न जेवता झोपला.

१५ डिसेंबर, रविवार
मागच्या वाडीतल्या विहिरीत पहिला सराव. पाणी सोळा फूट. मधुकरराव, अण्णा आणि मी काठावर. लवू उतरला. बुडबुडे छान येत होते. मग थांबले. मी कठड्यावर वाकून पाहतेय — काही नाही. पाणी अगदी स्वस्थ.

आणि गाल फुगवून वर आला! म्हणे, "हवा वाचवत होतो." मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या, अण्णांनी मान डोलावली. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग तो खोकला. थुंकी गुलाबी होती. त्याने पटकन पायाने पुसली. मी पाहिलं नाही असं त्याला वाटलं.

१६ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे पाण्याचं नाव नको. थोडक्यात वाचलाय म्हणाले. लवू आता घाबरला आहे. बरं झालं! मीही घाबरले आहे, ते मात्र त्याला सांगणार नाही.

२९ डिसेंबर
आज फुगा नेला. म्हटलं, तळाशी बसून हा तोंडाने भर, गाठ मार आणि सोड. तू मात्र हवा सोडत ये.

फुगा वर येता येता मोठा मोठा होत गेला आणि काठापाशी फट्कन फुटला! लवू मागोमाग आला. चेहरा पांढरा. "कळलं गं," एवढंच म्हणाला.

अण्णा हसत सुटले. "फुगो तो फुगो! माणसाची छाती काय रबराची आसा?" मी वाद घातला नाही. त्यांना समजावून काय करायचंय? त्यांचा दम वरून घेतलेला असतो. खाली दाबला जातो, वर आल्यावर होता तेवढाच. धोका फक्त टाकीवाल्याला.

१ जानेवारी १९५८
लवूला कळलंय, पण शरीराला कळलेलं नाही. आजही वर येताना मध्येच दोनदा दम कोंडला त्याने. बोट दहा तारखेला सुटणार! मला जेवण जात नाही.

३ जानेवारी
सापडलं! अण्णांनी आज देवापुढे नारळ ठेवून प्रवासाचं गाऱ्हाणं घातलं. "लेकराक सुखरूप वर घेवन ये रे म्हाराजा!" आणि आम्ही दोघं सवयीने ओरडलो — "व्हय म्हाराजा!" लवूने नेहमीसारखं श्वास संपेपर्यंत लांबवलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर येताना हेच म्हणायचं. घशातल्या घशात, डोकं बाहेर येईपर्यंत. गाऱ्हाण्याला साद देताना आमच्यात कोणी दम कोंडत नाही!

५ जानेवारी, रविवार
आठ बुड्या. आठही वेळा विहीर नुसती उकळल्यासारखी! आणि शेवटी लवूचं डोकं आणि "...राजाऽऽ!" मी हसले आणि रडलेही. मधुकरराव बघतच राहिले.

अण्णाही काठावरून म्हणाले, "लवू, एक घोट माका पण दी रे त्या नळीतलो. चव बघूया." मी खेकसले — हौस पुरे, टाकीत हवा मोजकी आहे! इतकं तोडून बोलायला नको होतं.

८ जानेवारी
मुख्याध्यापिकाबाईंनी रजा नाकारली. म्हणजे मी काठावर नसणार. म्हणून सगळं कागदावर उतरवलं: पाणी पंधरा फूट, त्याहून खाली नाही. सकाळी, समुद्र शांत असताना. पस्तीस मिनिटं, मिनिटही जास्त नाही. वर येताना "व्हय म्हाराजा". आणि होडीत अण्णा. त्यांनी नजर फक्त बुडबुड्यांवर ठेवायची. बुडबुडे दिसेनासे झाले तर शंभर मोजायचे आणि खाली जाऊन लवूला बघायचं. बासष्टाव्या वर्षीही त्या पाण्यात त्यांच्याइतका भरवशाचा कोण आहे?

त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. एका शब्दाची चूक नाही.

१० जानेवारी
भाऊच्या धक्क्यावर पोचवून आले. लवू टाक्यांना धरून बसलेला, अण्णा माझा कागद खिशात घालून. नव्या नवरदेवासारखे नटलेले! "भिया नको गो सुगंधा. मी आसय मा." किती दिवसांनी मला हलकं वाटलं.

१४ जानेवारी
मधुकररावांची तार! पहिला दिवस उत्तम. लवू ठीक. हातातले तिळगूळ शेजारी वाटून टाकले, एकही उरला नाही.

२ फेब्रुवारी
काल मालवणहून परत आले. अण्णांचे दिवस झाले.

लवू आज बोलला. सोळा तारखेला तो कपारीच्या आत शिरला होता. बुडबुडे कपारीच्या छतालाच अडकत होते, वर दिसेनात. अण्णांनी शंभर मोजले आणि माझ्या कागदाप्रमाणे खाली गेले. लवूला धडधाकट बघून हसले. नळीकडे बोट केलं. लवूने दिली. अण्णांनी छाती भरून एक घोट घेतला, डोळा मिचकावला आणि आयुष्यभर येत होते तसेच वर आले. दम कोंडून.

माझ्या कागदावर त्यांच्यासाठी एवढंच होतं — खाली जा.