‘माय’ नावाने सेव्ह केलेला नंबर

१५ जुलै, सोमवार
आज मोहाडीत रुजू झाले. मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका! इमारत लहान, पण हवेशीर. कुंपणापलीकडे धानाची रोवणी चालू आहे. बायकांची गाणी थेट माझ्या खोलीत येतात. स्वयंपाकाच्या कुंताबाईंनी आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढला. उर्वशी, वय चौदा, सर्वांत बोलकी. पहिलाच प्रश्न, मॅडम, तुमी रील बनवता का जी? मी नाही म्हटल्यावर बाकीच्या खिदळल्या, मंग फोन कायले ठेवता?

२१ जुलै, रविवार
रविवारी मुलींना फोन मिळतो. देणगीत आलेला एकच स्मार्टफोन. रीलवरून भांडणं होतील असं वाटलं होतं, पण रील कुणीच पाहिले नाहीत. एकेक जण फोन घेऊन पेरूच्या झाडाखाली गेली, हसली, रडली आणि तो पुढचीला दिला. कोणाशी बोललीस, मी उर्वशीला विचारलं. मायशी, म्हणाली. तिची आई वारली आहे, म्हणून तर ती इथे आहे.
फोन पाहिला. सगळ्यांनी एकाच नंबरवर फोन लावला होता. नाव ‘माय’.

२२ जुलै
कुंताबाईंना सगळं ठाऊक होतं. म्हणाल्या, जिले कोनी नाही तिले थे बाई बोलते, तुमचं काय जाऊन राहिलं? कोण बाई, हे त्यांनाही माहीत नाही. फोन तेवढा बंद नका करू जी, असं मात्र हात धरून सांगत राहिल्या.
गोड बोलून मुलींना बाहेर काढणाऱ्यांबद्दल आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आहे. नंबर ब्लॉक केला. सिमही मोडून टाकलं. कुणीही हेच केलं असतं.

२४ जुलै
पोलीस ठाण्यात नंबर दिला. हवालदार हसले. आकडे नऊच आहेत, असा नंबर नसतोच, म्हणाले.
उर्वशी जेवत नाही. तिला मायनं सांगून ठेवलं होतं म्हणे, फोन लागला नाही तर भेटीच्या दिवशी मीच येईन.

२६ जुलै
रोवणी संपली. शेतांत आता कुणी नाही. तरी एक बाई सकाळपासून चिखलात वाकलेली. हातात रोपं नाहीत. दर वेळी पाहिलं की कुंपणाच्या जवळ —
कुंताबाई आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत.

२८ जुलै, रविवार. भेटीचा दिवस
ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसली आहे. गुडघ्यांपर्यंत चिखल. तोंडावर पदर. प्रत्येक मुलगी म्हणते, माझीच माय. सगळ्यांना आत कोंडलं. फाटकाला कुलूप. किल्ली माझ्याकडे.

दुपार
उर्वशी खिडकीतून गेली. कुंपण ओलांडून तिच्या मांडीवर डोकं ठेवून — मी धावले, ओरडले —
आता बाकावर तिच्या शेजारी फक्त उर्वशीची ओढणी. ओली.

त्या बाईला हाकलायला फाटकाशी गेले. तिने पदर सारला.
आई. माझी. कारध्याच्या घाटावर मीच अग्नी दिला होता. तिने मला घरच्या नावाने — ते इथे कुणालाच माहीत —

वही गुडघ्यावर आहे. लिहीत राहिले तर हात इथेच राहील. निदान एक हात.
किल्ली कुलपात आहे. मी लावली नाही. मुली मागे रांगेत उभ्या, शहाण्यासारख्या. त्यांच्या खोलीचं दारही मीच उघड —
आई म्हणते, आधी लहानीले माह्याजवळ दे, मग तिच्या मागची, मग —