दहा काडतुसं, चार सेकंद

शनि. ८ मार्च
हंगामातली क्लबची पहिली मॅच. रिव्हॉल्व्हर गटात दुसरा आलो. पहिल्या आलेल्या ड्वाइटला वाटलं मी मुद्दाम त्याला जिंकू दिलं. वाटू दे.

नेम पक्का होता, वीसपैकी एकही लोखंडी ताटली सुटली नाही. वेळ गेला तो भरण्यात. दहा मारायच्या, परत भरायचं, उरलेल्या दहा मारायच्या. पॉइंट बावीसची काडतुसं चिमुकली, एकेक भरत बसलं तर जेवणाची वेळ होईल. म्हणून स्पीडलोडर. प्लॅस्टिकची चकती, तिच्यात दहा काडतुसं उभी, सिलिंडरवर टेकवून दाबली की दहाच्या दहा आत. माझा वेळ चार सेकंद. आज अकरा.

कारण उघड आहे. लोडर जुना झाला, भोकं सैल झाली, काडतुसं डुलतात. नवीन घेणे. राज्याची मॅच ९ ऑगस्टला. अकरा वर्षं विजेत्याची ढाल मलाच मिळाली आहे, बारावीसाठी फळीवर जागा करून ठेवली.

रवि. ९ मार्च
मार्लीन म्हणाली, हार्लन, काल स्कोअर लिहिता लिहिता मी बघत होते, तुझा हात थरथरत होता. म्हटलं, थंडी होती. म्हणाली, थंडी सगळ्यांनाच होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तरी या बाईला लोडर काय चीज आहे ते कळत नाही.

गुरु. २० मार्च
पिवळा लोडर आला. मधली गुंडी दाबायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टायमर लावून खोट्या काडतुसांनी तपासला. १२.३ सेकंद. १३.१. १२.८. प्लॅस्टिक निसरडं. परत पाठवला. सोबत दोन पानी पत्र, दोष नंबर घालून.

शर्टाची बटणं हल्ली फार लहान करतात. कापडवाल्यांनाही लिहायला हवं.

मंगळ. ८ एप्रिल
मार्लीनने मला न विचारता ऑल्टूनाच्या डॉक्टरची वेळ घेतली. १७ तारीख. म्हणते, टीव्ही बघताना तुझा अंगठा बोटावर फिरत असतो, गोळी वळत बसल्यासारखा. समजावून सांगितलं. एक्केचाळीस वर्षं टूलरूममध्ये साचे बनवले, धातूची कड अंगठ्याने चाचपायची सवय आहे, सुटत नाही. केसाच्या जाडीचा फरक या बोटांना कळायचा. अख्ख्या कारखान्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

गुरु. १७ एप्रिल
डॉक्टरकडे गेलो नाही. पाऊस होता.

शनि. १० मे
मॅच. चौथा. लोडर क्र. ३, सरळ पट्टीचा. पट्टी वाकते. चौदा सेकंद. ड्वाइट टायमर धरून खांद्याशी उभा असतो, तो हळूच म्हणाला, अरे सावकाश भर, कोण मागे लागलंय. हा मला भरायला शिकवणार. याला पहिलं रिव्हॉल्व्हर मीच हातात दिलं होतं.

घरी येताना मार्लीनने गाडी चालवली. तिला सराव हवा होता.

सोम. २६ मे
सापडला. आयडाहोचा बर्ल नावाचा माणूस घरच्या लेथ मशीनवर ॲल्युमिनियमचे लोडर बनवतो. एकेक हाताने. आपल्यातला माणूस. फोन केला, तासभर बोललो. म्हणाला, साचेवाला गिऱ्हाईक मिळालं, माझं भाग्य. तीन आठवडे लागतील. तोवर डॉक्टरचा विषय बंद, असं मार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, बंद तर तू कधीच केलायस.

या वर्षीच्या डायरीच्या ओळी फार जवळ छापल्यात. अक्षर बारीक काढावं लागतं.

बुध. १८ जून
लोडर आला. काम बघून डोळे निवले. कुठे एक चरा नाही. काडतूस आत बसतं ते जागेवरच, तसूभर हलत नाही.

१५.२ सेकंद.
१६.०
खाली पडला.

नवा आहे. रुळायला वेळ लागेल.

शुक्र. ४ जुलै
चर्चच्या मैदानात जेवण. बटाट्याचं सॅलड अंगावर सांडलं. कागदी ताटल्या कसल्या पातळ काढतात. मार्लीन भरल्या घोळक्यात माझा शर्ट पुसू लागली. तिचा हात झटकला. नको होता झटकायला. तिची बोटं सांधेदुखीने वाकडी झालीत, लागलं असेल.

रोज दोनशे वेळा सराव. बारावी ढाल येणारच.

शनि. १२ जुलै, दुपार
लिहायचं नव्हतं. लिहितो.

पहिल्या दहा झकास. रिकामी टरफलं झाडली, नळी जमिनीकडे केली, लोडर लावला. तीन काडतुसं बसली, बाकीची अडकली. दाबलं, तर लोडर हातातून निसटला. तेवढ्या तिनावरच सिलिंडर बंद केला. का केला, माहीत नाही. आणि वाकलो. लोडर उचलायला.

मैदानाच्या दाराशी पाटी आहे. पडलेली वस्तू उचलायची नाही, मॅच संपेपर्यंत पडू द्यायची. वाकलं की हातातली नळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पाटी मीच रंगवली आहे, तीस वर्षांपूर्वी, माझ्या अक्षरात.

नळी ड्वाइटच्या पोटाकडे होती. माझं बोट कुठे होतं ते मला आठवत नाही. ड्वाइटला आठवतं, पण तो सांगत नाही. त्याने माझं मनगट धरलं आणि नळी मातीच्या भिंतीकडे वळवली. एवढंच म्हणाला, बस्स हार्लन. मग नियमाप्रमाणे बाद. रिव्हॉल्व्हर त्यानेच रिकामं केलं.

सगळे येऊन हात मिळवून गेले, कोणाच्या घरी मयत झाल्यासारखे. मार्लीनने स्कोअरच्या कागदावर माझ्या नावापुढे रेघ मारली. तिचं कामच होतं ते.

शनि. १२ जुलै, संध्याकाळ
बर्लला पत्र लिहिलं. मालात गंभीर दोष, काडतुसं अडकतात, आज एका माणसाचा जीव गेला असता. लोडर सोबत परत. एक्केचाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, असंही लिहिलं.

मंगळ. २२ जुलै
ऑल्टूना. डॉक्टर पोरसवदा. नाकाला बोट लावा, चालून दाखवा. मग कागदावर गोल गोल चकली काढायला लावली. साचेवाल्याला चकली. काढली. त्यानेही दुसऱ्या कागदावर एक काढली. बराच वेळ दोन्ही कागद टेबलावर पडून होते. पेन वाईट होतं, असं मी म्हणालो. तर त्याने त्याच्या हातातलं पेन मला दिलं.

रोगाचं नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. गोळ्या दिवसातून तीन वेळा. बंदुकीचं मार्लीनने विचारलं, मी नाही. तो म्हणाला, नको.

शनि. ९ ऑगस्ट
आज राज्याची मॅच. ड्वाइट खेळायला गेला. मी फळी पुसली.

बुध. १३ ऑगस्ट
बर्लचा खोका आला. तोच लोडर आणि चिठ्ठी. लिहितो की चार दिवस तपासला, मला काही दोष सापडला नाही. पण तुमच्यासारखा माणूस म्हणतो म्हणजे असणारच, चूक माझ्याच डोळ्यांची. एका माणसाचा जीव जात होता हे वाचून झोप उडाली. लोडर बनवणं बंद केलं, लेथ विकायला काढलं.

चिठ्ठी मार्लीनने दोनदा वाचली. मग कपाटातून खोटी काडतुसं आणि रिव्हॉल्व्हर काढलं, लोडर भरला, मला म्हणाली, टायमर लाव. लावला. भरलं तिने, तिच्या त्या वाकड्या बोटांनी. आयुष्यात पहिल्यांदा.

४.१

परत केलं. ३.९.

मी टायमर बंद केला. ती रडत होती, पण काडतुसं नीट डबीत ठेवत होती. म्हणाली, त्या बिचाऱ्याला कळव.

गुरु. १४ ऑगस्ट
सकाळी पत्र लिहिलं. चार ओळी. लोडरमध्ये दोष नाही. असा लोडर मी दुसरा पाहिला नाही. दोष माझ्या हातात आहे, मार्चपासून माहीत होता. लेथ विकू नका.

पाकिटावरचा पत्ता मार्लीनने लिहिला. माझा पोस्टमनला वाचता आला नसता.