पेशींची पळापळ थांबली

३ मार्च
थांबल्या! थांबल्या! जेलीसारख्या थरात रोवलेल्या पेशींच्या बारा गोळ्यांना औषध दिलं होतं. बाराच्या बारा गोळ्यांतून एकही मूळपेशी बाहेर पडलेली नाही! बिनऔषधाच्या गोळ्यांतून मात्र चहूकडे सुटल्यात. मी मायक्रोस्कोपसमोरच नाचले. काचसामान धुणाऱ्या मावशी हात पुसत आल्या. "ताई, लॉटरी लागली का?" — लॉटरीच म्हणायची!

४ मार्च
आईला फोन. समजावलं — मेंदूतल्या गाठीत मूठभर मूळपेशी असतात, त्याच वाट काढत आजूबाजूला शिरतात, म्हणून गाठ काढली तरी परत येते. मी त्यांची वाट अडवली.
"म्हणजे कॅन्सर बरा झाला ना?"
आई गं! अजून सगळं प्रयोगशाळेतल्या बशीतच आहे.
"असू दे. मी शेजारी सांगून टाकलंय."

६ मार्च
माझ्या गाईड मॅडमनी आकडे तीनदा तपासले आणि हसल्या. चार वर्षांत दुसऱ्यांदा! येत्या शुक्रवारी सगळ्या विभागासमोर मांडायचं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे आम्हाला पाठवणारे सर्जनही येणार. माझी पीएचडी याच एका निकालावर अडून बसली होती. सुटले एकदाची! येताना नवी चप्पल घेतली, जरा महागच.

९ मार्च
पडद्यावर फोटो लावून स्वतःवरच खूश होत बसले होते. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. "बाहेर कुणी पडलं नाही खरं, पण मधला गोळा केवढा फुगलाय!"
आम्ही मोजतो ते पेशी कडेपासून किती लांब गेल्या तेवढंच. मधल्या गोळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही — चार वर्षांत मीही नाही! आज मोजला. बिनऔषधाच्या गोळ्याच्या दुप्पट. पळणं थांबलं, तर बसल्या जागी वाढायला लागल्या. म्हणजे मी औषध देऊन गाठ मोठी केली! प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडले.

१० मार्च
मॅडम म्हणाल्या, "दोन्ही फोटो शेजारी शेजारी लाव. लपवायचं नाही." लपवणार कोण होतं? (बरं, काल अर्धा तास मनात आलं होतं.)

११ मार्च
पीएचडी बोंबलली. चप्पलही चावते.

१२ मार्च, शुक्रवार
दाखवलं सगळं. कडा, मधला गोळा, दुप्पट. शेवटी डोळे पुसले. सर्जन उठून पडद्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.
"अगं, रडतेस काय? पळालेल्या पेशी मला दिसतही नाहीत, काढू कशा? एका जागी बसलेली गाठ मी काढतो. मला अशीच गाठ दे!"