घरची डाळ, वरूडचं पाणी

वरूड, मंगळवार, दिवाळीची सुट्टी, १९६१

सगळ्यांना सांगितलं, सुट्टीला नणंदेकडे चाललो. खरं म्हणजे यांनी इथल्या शाळेत बदली मागावी का, तेच पाहायला आलोय. हे शाळा पाहून आले, पोरं संत्र्याच्या बागेत हुंदडली. मी मात्र पाणी पाहिलं. अकोल्याकडच्या आमच्या गावच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही, म्हणून घरचीच मूठभर डाळ रुमालात बांधून आणली होती. संध्याकाळी नणंदेच्या विहिरीच्या पाण्यात चढवली, तर बघता बघता लोण्यासारखी मऊ! साधं वरण ते, पण मी वेड्यासारखी घोटतच राहिले. मनानं तर इथं घर मांडूनही मोकळी झाले. विहिरीजवळचंच हवं!

पण सासूबाईंचं काय? सोबत आल्या खऱ्या, तरी निघतानाच बजावलेलं, "मी गाव सोडून कुठंच येनार नाई." वरण-भात जेवल्या आणि उठल्या. मी भांडी आवरत होते, तर चुलीपाशी आल्या आणि पदराची गाठ सोडली. आत डाळ! आमच्याच डब्यातली.

"एका डावात काय समजते?" म्हणाल्या. "सकाळी हे बी शिजवून पाय."