हे माझं आहे

रोहा,
शनिवार

प्रिय आदेश,

फोन केला असता तर तू बोलला असतास आणि मी ऐकत बसलो असतो. काय बोलायचं होतं ते मला फोन ठेवल्यावर सुचतं, हे आपलं पहिल्यापासूनचं. म्हणून कागद घेतला. आधी कच्चं लिहिलं, मग सुधारलं, आता पक्कं लिहितोय. "आला हेडमास्तर" म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. पुढे हसण्यासारखं काही नाही.

अम्मी बरी आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करायचं आहे. परवा भाकऱ्या थापताना विचारत होती, "आदेश येत नाय हल्ली. पेणला गेला तो पेणचाच झाला काय?" मी म्हटलं, त्याचा धंदा वाढलाय. ते खोटं नव्हतं. तुझ्या दुकानाची पाटी मी एसटीच्या खिडकीतून पाहिली होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं होतं की हा माझा दोस्त, इन्व्हर्टरचे बोर्ड स्वतः बनवतो. धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट करून, अंगाला केमिकलचा वास तसाच घेऊन आपण आमच्या पडवीत बसायचो आणि लोकांचे जळके बोर्ड उघडायचो, तेव्हापासून मला माहीत होतं की तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आजही तेच म्हणतो. म्हणून तर जास्त राग येतो.

तुला तो मोठा ग्रुप आठवतो का, इंजिनियर लोकांचा, जिथून आपल्याला हाकललं होतं? आपण एका बोर्डाचा फोटो टाकून मदत मागितली होती. बोर्डावर आपण नेहमी लावायचो तसा वॉरंटीचा स्टिकर होता, "आदेश-नावेद रिपेरिंग, रोहा" आणि खाली तुझा नंबर. आपल्याला काय माहीत की तिथे त्याला जाहिरात म्हणतात! एक शब्द न बोलता काढून टाकलं. तू पडवीत उभा राहून ओरडत होतास, "अरे, चुकलं तर चुकलं, पण निदान सांगायचं तरी! आम्ही काय कुत्रे हाय काय?" अम्मी चहा घेऊन बाहेर आली आणि तिला वाटलं आपली मारामारी झाली.

त्याच आठवड्यात आपण टेलिग्रामवर "जळका वास" सुरू केला. नाव तुझं, नियमही तुझेच. मी फक्त शुद्ध करून लिहिले. कुणी अडला तर आधी उत्तर, बाकी नंतर. दुरुस्त झालं की चालू मशीनचा फोटो टाकायचा, म्हणजे पुढच्याला कळेल. दुकान, माल, क्लास, व्हिडिओ, ज्याला जे विकायचं असेल ते रविवारी, आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहायचं, "हे माझं आहे". आणि कुणालाही कारण कळवल्याशिवाय ग्रुपमधून काढायचं नाही. पार सोलापूर-जळगावकडची पोरं त्या ग्रुपमध्ये आली ती या नियमांमुळे आली. इथे कुणी कुणाला गंडवत नाही, एवढंच आपल्याकडे होतं.

मी धंद्याच्या विरोधात नाही. रविवारी तू तुझ्या बोर्डाचं कौतुक केलंस तेव्हा पहिला अंगठा माझा असायचा. पण मग लोकांच्या प्रश्नांना तुझी उत्तरं अर्धीच यायला लागली. कुणी विचारायचा कुठला पार्ट तपासू, तू लिहायचास, दुकानात फोन कर. गणपतीत भेटलास तेव्हा मी हे बोललो, तर म्हणालास, "सगळेच करतात रे. तू काय नियमाचं लोणचं घालणार हायस?" मी मोदक खाऊन परत आलो.

त्यानंतर ग्रुपवर तो मिरजेचा 'दाजी' आला. नवीन माणूस, नम्र बोलणारा. त्याने विचारलं, उन्हाळ्यात टिकेल असा बोर्ड कुठला? तू सांगितलंस, अमुक एक चांगला ऐकलाय. "ऐकलाय" म्हणे! काही दिवसांनी दाजीने फोटो टाकला, बोर्ड बसवला, झकास चालतो, धन्यवाद आदेशभाऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. मग एका दुपारी ग्रुपमधल्या भूमिकाच्या एका दुरुस्तीच्या कामासाठी मी तो फोटो मोठा करून पाहिला. बोर्डाखाली टेबल होतं. टेबलाच्या मध्ये चौकोनी तुकडा बसवलेला, गुलाबी फुलांच्या सनमायकाचा.

आदेश, ते अम्मीच्या शिवणयंत्राचं टेबल आहे. डोळे साथ देईनात तेव्हा तिने यंत्र विकलं आणि टेबल आपल्याला दिलं, मधलं भोक आपण स्वयंपाकघराच्या उरलेल्या सनमायकाने बुजवलं. पेणला दुकान टाकलंस तेव्हा तेच टेबल मी टेम्पोत चढवून दिलं. दाजी मिरजेचा नाही. दाजी पेणला तुझ्याच खुर्चीत बसतो, आणि तू 'ऐकलेला' तो बोर्डही तुझाच.

आता भूमिकाचं ऐक. नागोठण्याला तिचं छोटं दुकान आहे, तुला माहीत आहे. तिने दाजीवर विश्वास ठेवून तुझे बोर्ड घेतले आणि गिऱ्हाइकांच्या इन्व्हर्टरमध्ये बसवले. घाईत बनवलेला माल होता, गरम झाला की बंद पडायचा. गिरजाबाई म्हणून एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, लाइट गेली आणि तिच्या डोक्यावरचा पंखा थांबला. तिचा मुलगा दुकानात येऊन चार माणसांत म्हणाला, "पोरीच्या हातात काम दिलं तिथंच माझी अक्कल गेली." किती महिने लागले होते तिला, लोकांनी बोर्ड उघडायला तिच्या हातात द्यावा म्हणून! तिने ग्रुपवर एवढंच विचारलं की हा बोर्ड अजून कुणाचा गेलाय का. तिने कुणावर आरोप केला नव्हता. तो प्रश्न गायब झाला. तिने परत टाकला, परत गायब.

मग तिचा मला फोन आला. आवाज बारीक. "नावेददादा, माझं काय चुकलं? तुम्ही काढलात काय माझा मेसेज? नियमात बसत नव्हता काय?" तिला वाटलं मी काढला, कारण नियमांवरून सगळ्यांच्या मागे लागणारा मीच. मी ॲडमिनच्या नोंदी उघडल्या. दोन्ही वेळा तुझं नाव होतं. "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि पडवीत येरझाऱ्या घालत राहिलो. तू बोर्ड वाईट बनवलास याचा राग नाही, वाईट बोर्ड मीही बनवले असते. तू खोटा माणूस उभा केलास त्याचा आहे. आणि जी खरी मुलगी अडचणीत होती तिचं तोंड बंद केलंस, तेही माझ्या नावाआड, त्याचा सर्वांत जास्त आहे. त्या इंजिनियरांनी आपल्याला न सांगता काढलं होतं. तू तिला ग्रुपमध्ये ठेवून तेच केलंस. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

भूमिकाचा प्रश्न मी आज माझ्या नावाने पुन्हा टाकला आहे. खाली तीन जणांनी लिहिलंय, आमचाही गेला. ॲडमिनचे तुझे अधिकार मी काढून घेतलेत, त्यामुळे तो आता तिथेच राहील. उद्या रविवार, टपाल बंद. या रजिस्टर पत्राची पोच माझ्याकडे येईल त्या दिवशी मी तुला ग्रुपमधून काढणार आहे, दाजीसकट. हे पत्र त्यासाठीच आहे. काढायच्या आधी कारण कळवायचं, हा तुझाच नियम, आणि तो तुझ्यासाठीही पाळायचा असं मी ठरवलं. तिचे बोर्ड परत घे. नागोठण्याला जाऊन गिरजाबाईंच्या मुलासमोर सांग की दोष पोरीच्या हाताचा नव्हता. मग मला निरोप धाड, मी तुला परत घेईन, आणि पहिली ओळ तू काय लिहायची ती तुला पाठ आहे. टेबल राहू दे तुझ्याकडे. अम्मीला मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तू आलास तर ती भाकरीच वाढेल. फोनवर पाठवलं असतं तर तू वाचून पुसलं असतंस, म्हणून कागदावर लिहिलं.

अजूनही तुझाच,
नावेद